एक ते चार बंद

मी आजवर एकाच जिवंत बाईच्या मयताला गेलो आहे, आणि तेही थेट स्पेनमध्ये.

झालं असं, की आमच्या केतकीनं तिकडे शिकता शिकता मातेओ नावाचा मुलगा पसंत केला. मुलगा चांगला. हसतमुख, निर्व्यसनी, व्हिडिओ कॉलवर आमच्या घरचं बोंबलाचं कालवण बघून ओठ चाटणारा. पण त्यांच्या घरात शब्द चालतो तो आजीचा. आजी नव्वदीची, आम्ही फक्त फोटोत बघितलेली. तब्येत तोळामासा, स्वभाव लवंगी मिरची!

"पप्पा, आजी हो म्हणाली तरच लग्न," केतकीनं विमानतळावरच बजावलं. "तिला तुम्हा दोघांना बघायचंय. उद्या रात्री साडेनऊला त्यांच्याकडे जेवायला जायचंय."

"साडेनऊला? अगं, तेव्हा वसईत एक वाजलेला असेल! आपल्या भुईगावात त्या वेळी जेवतंय कोण, भुतं?"

"म्हणून सांगते, घड्याळ बदला."

घड्याळ मी बदललं नाही. माझी बीपीची गोळी वसईच्या वेळेनं, भूक वसईच्या वेळेनं, झोप वसईच्या वेळेनं. मग एकट्या घड्याळानं काय पाप केलंय? (माझी बायको मंदा म्हणते, हा हट्ट आहे. मी म्हणतो, शिस्त आहे!)

दुसऱ्या दिवशी केतकीनं आम्हाला मातेओच्या गावी नेलं, त्यांचं घर लांबूनच दाखवून जवळच्या एका भाड्याच्या खोलीत सोडलं, "जरा पडा आता" म्हणाली आणि स्वतः त्यांच्याकडे मदतीला गेली. पडा काय पडा! माझ्या घड्याळात साडेसहा होत आलेले. म्हणजे वसईत माझ्या पंप-पाइपच्या दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड उडायची वेळ. मी मंदाला म्हटलं, "चल, बाजार बघून येऊ."

बाहेर ऊन रणरणतंय आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही! सगळी शटर्स खाली. खिडक्यांच्या फळ्या लावलेल्या. केशकर्तनालय बंद, औषधाचं दुकान बंद, इतकंच काय, पाववाल्याचंसुद्धा बंद.

"मंदा, ऐन संध्याकाळी पाववाला बंद? काहीतरी अशुभ आहे."

"अहो, संध्याकाळ कुठली? ऊन बघा की!"

इतक्यात चर्चची घंटा वाजली. टण्ण... मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टण्ण... आणि पुन्हा एकदा. तीन टोल, एकदम संथ. आमचं घर भुईगावच्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर. घंटा कशी वाजली म्हणजे कोणाकडे काय झालं, हे मला लहानपणापासून पाठ! मिसाची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची, घंटा भराभर, मयताची रेंगाळत.

"कोणीतरी गेलं गं," मी कुजबुजलो.

मंदानं केतकीला फोन लावला. बंद. मातेओला लावला. तोही बंद. आम्ही एकमेकांकडे बघितलं. अख्खं गाव दुकानं बंद करील असं वजन असलेली, नव्वदीची, तोळामासा तब्येतीची व्यक्ती आम्हाला त्या गावात एकच ठाऊक होती.

"देवा!" मंदा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. "आता पोरीचं लग्न?"

अशा वेळी पुढं काय करायचं ते आमच्या काकीला बरोबर कळतं. तिला भुईगावात फोन लावला. ती नुकतीच तुळशीपाशी दिवा लावून घरात आली होती.

"अरे, मग बघतोस काय?" काकी कडाडली. "त्यांची चूल नाय पेटायची आज. सोयऱ्यांकडे रिकाम्या हातानं जाशील? खानं घेऊन जा, हार घेऊन जा, नि आधी रडनाऱ्यांना पानी पाज!"

झालं, आम्ही कामाला लागलो. मंदानं सोबत आणलेल्या डाळ-तांदळाची खोलीवर खिचडी टाकली. चौकात पांढरी कण्हेर फुललेली होती. ती मी (इकडेतिकडे बघून) तोडली. आमची फुलांची वाडी, त्यामुळे मंदाच्या पर्समध्ये सुईदोरा कायमचा. फोटोला घालायला छान ठसठशीत हार तयार झाला! मी पांढरा सदरा चढवला, खांद्यावर टॉवेल टाकला आणि आम्ही निघालो. पुढे मी हार घेऊन, मागे मंदा खिचडीचं पातेलं आणि पाण्याची बाटली घेऊन.

त्यांचंही दार बंद होतं. माझी खात्रीच पटली. बेल वाजवली. कोणी येईना, तेव्हा पुन्हा वाजवली. मग मंदा म्हणाली, "रडून रडून ग्लानी आली असेल," म्हणून तिसऱ्यांदा जरा जोरात वाजवली.

दार उघडलं. अशा वेळी समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं, म्हणून मी मान खाली घातली आणि मोबाइलमधल्या भाषांतरवाल्या बाईला मराठीत सांगितलं, "आजी गेल्या, फार वाईट झालं. चांगल्या होत्या बिचाऱ्या. उचलणार किती वाजता?"

मोबाइलनं हे सगळं खणखणीत स्पॅनिशमध्ये म्हणून दाखवलं.

मागून मंदानं माझा सदरा खेचला. मी वर बघितलं. दारात पांढरा पायघोळ गाऊन, केस मोकळे, डोळ्यांत अंगार, आणि साक्षात आजी!

माझ्या हातात हार. त्याचं करायचं काय? घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं. आजीच्या गळ्यात घातला.

आजीनं जी बोंब ठोकली, ती नक्की आमच्या राजोडीच्या किनाऱ्यापर्यंत ऐकू गेली असेल! वरच्या जिन्यावरून मातेओ, त्याचे आईवडील, सगळे झोपेच्या कपड्यांत धावत आले. आणि शेवटी केतकी, डोळे चोळत.

"पप्पा! हे काय?"

"अगं, दुकानं बंद, फोन बंद, घंटा वाजली..."

"तीन वाजले म्हणून वाजली! दुपारी इथे अख्खं गाव झोपतं. फोन बंद करून झोपतं! संपलं आता लग्न!" पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजीनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मोबाइल माझ्या हातातून हिसकावला. मोबाइल मराठीत विचारता झाला, "तुमच्या गावात दुपारी कोणी झोपत नाही का?"

मी काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात मंदानं तोंड उघडलं. (ही बाई नेमकी नको तिथे खरं बोलते.) "झोपतात ना! ह्यांचं स्वतःचं दुकान रोज एक ते चार बंद असतं. लग्न झाल्यापासून बघतेय. त्या वेळात कोणी बेल वाजवली ना, तर हे भांडायला उठतात! पण काल आल्यापासून ह्यांनी घड्याळच बदललं नाही. ह्यांच्या पोटात आत्ता संध्याकाळ आहे."

आजीनं मोबाइलवर ते स्पॅनिशमध्ये ऐकलं. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा हाराकडे. आणि मग अशी हसत सुटली, की मातेओच्या आईनं तिला खुर्चीत बसवून पाणी पाजलं. (काकीनं सांगितलेलं पाणी असं कामाला आलं!)

"दुपारी झोपणारी माणसं," मोबाइल म्हणाला, "पोरगी चांगल्या घरची आहे. लग्न होऊ दे. आता सगळे झोपा."

केतकी माझ्या गळ्यात पडली. मलाही एक उशी मिळाली. सगळं घर घोरत होतं आणि मी टक्क जागा. पोटात भुकेचा डोंब, आणि खिचडीचं पातेलं आजी स्वतःच्या खोलीत घेऊन गेलेली!

वसईला परतल्यावर पहिलं काम केलं ते दुकानाच्या शटरवर पाटी लावायचं. न जाणो, सोयरे लग्नाला येतील, तेव्हा त्यांचंही घड्याळ तिकडचंच असेल. म्हणून खाली मातेओकडून स्पॅनिशमध्येही लिहून घेतलंय: "दुपारी एक ते चार बंद. मालक जिवंत आहे. बेल वाजवल्यास राहणार नाही!"