हात जोडा, डोळे मिटा, आणि म्हैस सांभाळा

माझ्या प्रार्थनेनं आजवर एकच गोष्ट सर्वांदेखत जागची हलली आहे, आणि ती म्हैस होती. (‘सर्वांदेखत’ म्हणणंही तितकंसं खरं नाही. त्या वेळी सर्वांचे डोळे मिटलेले होते. तोच तर सगळा घोळ!)

दुसऱ्यांसाठी प्रार्थना करणं हे आमच्या घरात आईचं खातं. आई बोरीत नर्स होती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं, उरलेल्या निम्म्यानं तिच्या हातून सुई घेतली. सुई टोचताना ती पुटपुटत प्रार्थना करायची, त्यामुळं माणूस सुईनं बरा झाला की प्रार्थनेनं, हे गावाला कधी ठरवता आलं नाही. निवृत्तीनंतर सुई सुटली, प्रार्थना राहिली. आमची ख्रिस्ती घरं मोजकीच, पण “सिस्टरबाई, तेवढं तुमच्या देवाच्या कानावर घाला” म्हणत सगळ्या आळ्यांतून लोक यायचे. कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाचा आटलेला बोअर. आई सगळं लक्षात ठेवायची आणि पहाटेच्या प्रार्थनेत एकेका घराचं नाव घेऊन मागायची. ती आमेनपर्यंत पोचेस्तोवर आमचा चहा निवायचा. आमेनच्या आधी डोळे उघडायचे नाहीत, हा घरचा कायदा.

गेल्या उन्हाळ्यात आईचा घसा पार बसला. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही. आईनं मनातल्या मनात प्रार्थना चालू ठेवली. तिला बोलायचा मोह होऊ नये म्हणून आम्हीही खाणाखुणांवर आलो. घर इतकं शांत झालं की पाल चुकचुकली तरी दचकायला व्हायचं.

अशात एका सकाळी शेजारच्या गयामावशी डोळ्याला पदर लावून आल्या. त्यांच्या चांदी म्हशीची धार लेक संगीता काढायची. संगीता लग्न होऊन पाथरीला गेली आणि चांदीनं पान्हा चोरला. रेडकू ढुशा मारून दमलं, ढेप चारून झाली, गुरांचे डॉक्टर येऊन गेले. आता मावशींचे दीर बापूराव हटून बसले होते, की येत्या बाजारी म्हैस विकायची.

“लेक गेली, आता म्हैस बी जायलीय,” मावशी म्हणाल्या. “सिस्टरबाई, तुमी एकदा तिच्यावर हात ठिवा.”

आईनं आधी स्वतःच्या गळ्याकडं बोट दाखवलं, आणि मग माझ्याकडं.

मी शाळेत क्लार्क. चर्चमध्ये माझ्याकडं सूचना वाचण्याचं काम आहे. उपासनेची शेवटची प्रार्थना मला एकदाच दिली होती, तेव्हा नंतरचं प्रीतिभोजन गार झालं. मला प्रार्थना येत नाही असं नाही. मला ती संपवता येत नाही. एखाद्याचं नाव राहिलं तर तो बिचारा माझ्यामुळं आशीर्वादाला मुकेल, या भीतीनं मी पुढं पुढं जात राहतो. हे सगळं मी आईला खुणांनी सांगायचा प्रयत्न केला. तिला वाटलं, मला चहा पाहिजे.

“अहो, जा की,” सुनंदा म्हणाली. (सुनंदा म्हणजे माझी बायको. तिचा घसा ठणठणीत होता.) “म्हैस काही चुका काढणार नाही.” आणि गंमत बघायला तीही मागून आली.

गोठ्यात बापूराव हाताची घडी घालून उभे होते. त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, त्यातलं एकदा म्हशीकडं बघून. चांदी दाव्याला हिसके देत होती आणि बापूराव तिच्या खानदानाचा उद्धार करत होते. ते बघून माझ्या अंगात आईची सत्ता संचारली. मी म्हणालो, “बापूराव, दावं सोडा खुंट्याचं. जनावर भेदरलंय. हातात धरा.”

त्यांनी दावं सोडून हातात धरलं. मी चांदीच्या पाठीवर हात ठेवला. तिनं मान वळवून माझ्याकडं असं बघितलं, की मी आधी माझ्यासाठीच मनात एक छोटी प्रार्थना उरकली. मग आईच्या थाटात म्हणालो, “सगळ्यांनी हात जोडा, डोळे मिटा.”

आता बापूराव कितीही नास्तिक असले, तरी मराठवाड्यातला माणूस देवासमोर हात जोडताना एक हात राखून ठेवत नाही. त्यांनी दोन्ही जोडले. दावं कुठं गेलं, हा प्रश्न त्या क्षणी कुणालाच पडला नाही. चांदीला सोडून.

मी सुरुवात केली. आधी उपकारस्तुती. मग आईच्या क्रमानं सरपंच, तहसीलदार, सीमेवरचे जवान, विधवा, अनाथ, आजारी, प्रवासात असलेले, परीक्षेला बसलेले, परीक्षेला बसून नापास झालेले. म्हैस शेवटी येणार होती. मधेच माझ्या हाताखालचं काहीतरी सरकलं आणि हात हवेत राहिला. मला वाटलं, अध्यात्मात असं होत असावं, देहभान जातं. मी आवाज वाढवला. गळ्यातली घंटी वाजत वाजत लांब गेली, तेव्हा मावशींना (हे त्यांनी नंतर सांगितलं) प्रार्थना वर पोचायलीय असं वाटलं. सुनंदाला सगळं समजलं होतं, पण प्रार्थनेत मधे बोलायचं नसतं, हे तिला आईनंच शिकवलंय म्हणे! बापूरावांनी तर सगळ्यांत घट्ट डोळे मिटले होते. चुकून उघडले आणि प्रार्थना फसली, तर खापर त्यांच्यावर फुटलं असतं.

शेवटी मी चांदीपर्यंत पोचलो, कळवळून मागितलं, आमेन म्हणालो आणि डोळे उघडले.

गोठ्यात आम्ही चार माणसं हात जोडून रिकाम्या खुंट्यापुढं उभे होतो.

मग बापूराव अगदी हळू आवाजात म्हणाले, “शमूभाऊ, मी हिला विकणार व्हतो. तुमी तर फुकटातच काढून दिली.”

मावशींनी गळा काढला. आम्ही चौघं चार दिशांना पळालो. मी एसटी स्टँडकडं गेलो (म्हैस एसटीनं जाईल असं नव्हे, पण डोकं चालत नव्हतं). चहाच्या टपरीवर बातमी माझ्या आधी पोचली होती, की सिस्टरबाईच्या पोरानं प्रार्थना केली आन म्हैस गपकन गायब झाली. दोघंजण चक्क आभाळाकडं बघत होते. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, “सासूसाठी करता का तुमी?”

ऊन चढलं, म्हैस सापडली नाही. मावशींचं दुसरं लेकरू मी घालवलं, आणि हे आईला खुणांनी कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करत मी तोंड पाडून घरी आलो. मागून मावशी आणि बापूराव.

आमच्या अंगणात चांदी उभी होती. गळ्यातलं दावं लोंबतंय, डोळे अर्धवट मिटलेले, संथ रवंथ चाललेलं. आणि माझी आई पाटावर बसून आमच्या चहाच्या पातेल्यात तिची धार काढत होती. पातेलं भरत आलं होतं. आम्हाला बघून तिनं कपाळावर हात मारला. म्हैस आल्या आल्या तिनं ताट वाजवून बघितलं होतं, पण ऐकायला गल्लीत होतं कोण? सगळे म्हैस शोधायला गेले होते.

मावशी हळूच म्हणाल्या, “आमची संगी बी अशीच होती. धार काढताना चकार शब्द न्हाई.” संगीता गेल्यापासून त्या गोठ्यात मावशींचं रडणं, बापूरावांच्या शिव्या आणि वरून माझी प्रार्थना. बिचारीनं सगळ्या बोरीतलं एकमेव गप्प घर शोधलं होतं.

चांदी विकली नाही. आता धारेच्या वेळी बापूरावांना गोठ्याबाहेर बसवतात.

पंधरा दिवसांनी आईला आवाज फुटला, तेव्हा मावशी दुधाचा तांब्या घेऊन हजर. म्हणाल्या, “सिस्टरबाई, खरं सांगा. त्या दिशी मनातल्या मनात तुमी चांदीसाठीच मागायल्या व्हत्या न्हवं?”

“नाही बाई,” आई म्हणाली. “चांदीसाठी शमू होताच की. त्याचा आवाज इथवर येत होता. मी शमूसाठी करत होते. म्हटलं, प्रभू, याला लवकर आमेन सुचव.”

हल्ली चर्चमध्ये मी प्रार्थनेला उभा राहिलो की कुणीतरी जाऊन दाराला कडी लावतं. आईनं दुसऱ्यांसाठी केलेल्या एवढ्या प्रार्थनांमध्ये माझ्या आमेनची तेवढी एकच अजून ऐकली गेलेली नाही.