भिंतीपलीकडचं हळदीकुंकू

नगरला आमच्या सोसायटीच्या मागेच वस्ती आहे. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींचं दार माझ्या गॅलरीतून दिसतं. पूर्वी मधल्या भिंतीला भगदाड होतं, मावशी त्यातूनच येत. सोसायटीनं ते बुजवलं. कारण काय, तर सुरक्षा! मीटिंगमध्ये मी तावातावानं भांडले, पण ऐकतंय कोण? तेव्हापासून मावशी थेट हमरस्त्यानं वळसा घालून येतात. उशीर नाही, कुरकुर नाही. मी तर मनातून हात जोडते त्यांना.

यंदा संक्रांतीला त्यांनी आम्हा बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. काठापदराच्या साड्या नेसून आम्ही निघालो. नाला, भंगारची दुकानं, ट्रकची धूळ. भगदाड बुजवायला जिनं पहिला हात वर केला होता, तीच आधी करवादली, "बाई गं, किती लांब!"

मावशी दारातच उभ्या होत्या. तिळगूळ, वाण, सगळं जय्यत मांडलेलं. पण कुंकवाच्या करंड्याआधी त्यांनी प्रत्येकीच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"बसा वहिनी, दमला आसाल. लई फेरा पडतो ना?"

आवाजात टोमणा औषधालाही नव्हता. पहिला हात वर करणारी मात्र भरला पेला हातात धरून समोरच्या बुजवलेल्या भिंतीकडे बघत राहिली.