कडूबाईच्या मापाचं टेबल

मी ट्रॅक्टर चालवतो. दर दिवाळीनंतर तलवाड्याची ऊसतोड टोळी ट्रॉलीत भरून सांगलीकडच्या सहकारी साखर कारखान्यावर नेतो. आपल्याकडचा कारखानाही सहकारीच, पण मी सांगतो त्या वर्षी दुष्काळ पडला, त्याला ना ऊस ना पाणी. धुराडं तेवढं उभं होतं. माणसं, शेळ्या, पत्रे, पेट्या चढवताना माझं डोकं फिरतं. कुणी बाज आणली की मी सरळ खाली उतरवतो. म्हणून टोळीतला आश्रुबा येऊन म्हणाला, "बंकटभाऊ, औंदा एक टेबल घ्यायचंय," तेव्हा मला हसूच आलं.

"टेबल? हापिसात चाललास काय बे?"

तो हसला नाही. त्याच्या बायकोचं, कडूबाईचं, श्रावणात गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं. वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऊस तोडणं सुटलंच. पण उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, राहायचं म्हणजे भाकरीसुद्धा जमिनीवर बसूनच थापायची. गावात एकटी ठेवावी, तर टँकरमागे हंडा घेऊन पळणार कोण? लेकी दिल्या घरी होत्या.

"टेबल आसलं म्हंजी उभ्यानं थापंल," आश्रुबा म्हणाला. "यील मपल्या संगं."

"घडी होत आसंल तर आण," मी म्हणालो. वाटलं, ब्याद टळली.

आश्रुबाचा हात कोयत्याचा. सुतारकाम त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. बांधावरची बाभूळ दुष्काळानं वाळली होती, तीच त्यानं पाडली. वाळल्या बाभळीत खिळा ठोकणं म्हणजे दगडात ठोकणं. निम्मे खिळे वाकले, अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. वरची फळी म्हणजे बंद पडलेल्या दूध सोसायटीचा लाकडी बोर्ड. गावातली जनावरंच विकली गेल्यावर सोसायटी कशाची? चेअरमननं "ने बाबा" म्हणून देऊन टाकला. बोल्ट माझ्या ट्रॉलीच्या जुन्या फाळक्याचे. तेही मी कुरकुरतच दिले.

उंचीसाठी त्यानं कडूबाईला दारात उभं केलं, भाकरी थापताना धरते तसे हात धरायला लावले आणि जमिनीपासून हातापर्यंत सुतळी ताणून गाठ मारली. बाई ठेंगणी. लाजून चूर झाली.

"अवं, लोक बगत्यात."

लोक म्हणजे मी.

पाय त्यानं फुलीसारखे केले. दोन चौकटी एकमेकींत आडव्या घालून मधोमध बोल्ट ठोकला. टेबल उभं राहिलं, पण मिटेना. त्यानं गुडघा लावला, शिव्या दिल्या, मीही एक लाथ घातली. दारातून कडूबाई म्हणाली, "दोनी सारक्याच रुंद केल्यात तुमी. एक दुसरीच्या पोटात जायला पायजे की."

खरंच होतं. आतली चौकट त्यानं अरुंद करून पुन्हा जोडली. पाय फाकू नयेत म्हणून खाली दोरी बांधली. टेबल मिटलं त्या दिवशी ते काखेत मारून माझ्याकडे आला आणि नुसता उघडत मिटत बसला.

"बास कर, झिजंल," मी म्हणालो. निघताना मात्र ट्रॉलीत चांगल्या जागी मीच ठेवलं.

कारखान्याजवळच्या तळावर कोपीपुढं, दगडांवर उंच केलेल्या चुलीजवळ टेबल मांडून कडूबाई भाकरी थापू लागली, तर बाया बघायला जमल्या. "साहेबीण झाली गं," म्हणून चिडवायच्या. तिच्या तोंडावर किती दिवसांनी रया आली होती. मला म्हणाली, "उभी ऱ्हायले की माणसात आल्यावानी वाटतंय, भाऊ."

मग एका सकाळी शेळीनं पायांमधली दोरी कुरतडली. आश्रुबा उसाच्या फडात निघायच्या घाईत होता. ऊसतोड्याला काही बांधायचं झालं की हात आपोआप वाढ्याकडे जातो. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. पीळ देऊन आवळला की तारेसारखा बसतो. सगळ्या मोळ्या त्यानंच बांधतात. मोळी दिवस मावळायच्या आत गाडीत जाते, पुढं वाढ्याचं काय होतं ते कुणी बघत नाही. आश्रुबानं वाढ्यानं पाय बांधले, हलवून बघितलं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाढं उन्हानं वाळून ढिलं पडलं. पीठ मळताना कडूबाईनं भार दिला, तशी गाठ निसटली, पाय फाकले, टेबल खाली बसलं. ती फळीच्या काठावर पोटावर आपटली. मी जवळच गाडी भरत होतो. जीप मिळवली, तिला सरकारी दवाखान्यात नेलं. ऑपरेशनची जागा आतून फाटली होती, रक्त थांबेना. आश्रुबा फडातून आला तो हातात कोयता तसाच.

त्याला बघून तिनं विचारलं, "टेबल मोडलं का वं?"

"न्हाई. गाठ सुटली निस्ती."

"मंग बरं. लई कष्टानं केलतं तुमी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडलो. माझी ती कोण लागत होती? आश्रुबा रडलाही नाही. येईल त्याला एकच सांगायचा, "वाढं म्याच बांधलं."

पुढच्या हंगामाला ट्रॉली भरत होतो. आश्रुबा एकटाच आला, काखेत टेबल. मी घेतलं आणि गेल्या वर्षीच्याच जागी ठेवलं.

आता तो आपल्या हातानं भाकरी करतो. गडी ताडमाड. दिवसभर ऊस तोडून आल्यावर त्या बुटक्या टेबलावर कंबरेतून वाकून थापतो आणि मधूनच पाठीला हात लावतो. एका संध्याकाळी मला बघवेना.

"बाभळीचे तुकडे देतो, पाय वाढव की बे," मी म्हणालो. "न्हाई तर खाली बसून थाप. तुला कुणी अडवलंय?"

त्यानं आधी खाली वाकून पायांना आता बांधलेली नायलॉनची दोरी ओढून बघितली, मग पिठाचा गोळा हातात घेतला.

"कावून वाढवू?" तो म्हणाला. "मापात हाय ते."

आणि वाकून भाकरी थापू लागला.