पिवळ्या खणातल्या गोळ्या

आमच्या गल्लीतल्या शिंपिणीकडे कोणतीही बारीक वस्तू आली, की आधी तिचं वेष्टन निघतं आणि ती रंग बघून बटणांच्या डब्यातल्या खणात पडते. बारा वर्षांची सवय. तिसरा महिना लागला, डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा त्यांनाही तिनं तोच न्याय लावला. लोहाच्या तांबड्या खणात, फॉलिकच्या पिवळ्या खणात.

मग नणंदेनं जीवनसत्त्वांची बाटली पाठवली. "वहिनी, ह्या महागातल्या आहेत, नेमानं घ्या." त्याही पिवळ्या निघाल्या, त्याच खणात गेल्या. बाटली चांगली होती म्हणून तिनं ती लेबल खरवडून, धुऊन टाचण्यांना घेतली.

सासू म्हणाल्या, "आम्हाला कोणी दिल्या होत्या गोळ्या? चार झाली की." पाचवं जगलं नव्हतं, ते त्या धरत नसत. सुनेचंही मागच्या खेपेला चौथ्या महिन्यात गेलं होतं. म्हणून ती सगळ्यांचं ऐकत होती, आणि रोज एक तांबडी, एक पिवळी गिळत होती.

परवा एका फ्रॉकला बटणं जुळवताना तिनं डबा उजेडात धरला आणि हातच थांबला. पिवळ्या खणात दोन पिवळे होते. एक मळकट, एक किंचित चकचकीत. 'पिवळ्याला पिवळं जुळत नाही हो बाई,' असं गिऱ्हाइकाला ऐकवणारी ती, आणि एकोणीस दिवस काय गिळलं तेच तिला सांगता येईना.

डबा घेऊन ती दवाखान्यात गेली. नर्सनं आत डोकावून पाहिलं.

"हे काय, गोळ्या की बटणं?"

"दोन्ही."

"अगं, फॉलिक बाळाच्या कण्यासाठी असतं. ते चुकवायचं नाही."

"मग दुसऱ्या कशासाठी?"

"त्यात काय आहे त्यावर. कदाचित फॉलिक असेलही. काही जीवनसत्त्वं जास्त झाली तर वाईटच. बाटलीवरचं नाव आण, डॉक्टरांना दाखवू. तोवर ही फॉलिकची नवी पट्टी घे, आणि पट्टीतून काढू नकोस."

म्हणजे चुकलं की नाही चुकलं? नर्स पुढच्या बाईचं वजन करायला लागली होती.

घरी येऊन तिनं पट्टी मशीनवर ठेवली आणि मन घट्ट करून नणंदेला फोन लावला.

"घेताय ना वहिनी रोज?"

"घेते बहुतेक. ताई, त्या गोळ्यांचं नाव काय हो?"

"मला कुठलं आठवायला? बाटलीवर बघा की."

शिंपिणीनं बाटलीकडे पाहिलं. लख्ख काच, आणि आत टाचण्या.