खोपटच्या कवीचं शेवटचं कडवं

६ ऑगस्ट २०१६, दुपारी साडेचार. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात म्युझिक कंपनीचं ऑफिस होतं, तिथे आम्ही चौघे हजर होतो : कंपनीचा माणूस, गायक रमाकांत, आमचे कवी आणि साक्षीदार म्हणून मी. आठ गाणी, गाण्याला दोन हजार, एकूण सोळा हजार रुपये. चेक मात्र चौदा हजार चारशेचा होता, कारण दहा टक्के टीडीएस कापला होता. मी हिशेबाचा माणूस, मागच्याच गल्लीतल्या एका वर्कशॉपचे अकाउंट्स बघतो. वर्षाला तीस हजारांपर्यंतच्या अशा रकमेवर टीडीएस कापायचा नसतो, असं मी सांगितलं. वीस मिनिटं वाद घातला, त्यांच्या सी.ए.ला फोन करायला लावला आणि सोळाशे रुपये सोडवून घेतले. नवा चेक मिळाला. खाली उतरल्यावर कवींनी मला कटिंग पाजला आणि म्हणाले, "हिशेबनीस, आता तुमच्यावर एक गाणं लिहायला पाहिजे." मला फार बरं वाटलं होतं. आज त्याच सोळाशे रुपयांची लाज वाटते.

कवी खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. नाव सुदाम, पण डेपोत, चाळीत, विहारात सगळीकडे ते कवीच. डेपोतले लोक टिंगल करायचे. गाडी लवकर चालू झाली नाही की कुणीतरी ओरडायचं, कवी, एक कडवं मारा, बघू धक्का बसतो का. कवी गाडीखालूनच उत्तर द्यायचे की कडवं माणसांसाठी असतं, तुझ्यासारख्या डब्याला पाना बस आहे. आमच्या दोघांच्या खोल्या एकाच चाळीत, एक सोडून एक. मी पुढे डोंबिवलीला फ्लॅट घेतला, तरी नोकरी वागळेलाच असल्यामुळे आठवड्यातून एकदा तरी त्यांच्याकडे चहा व्हायचाच.

पेन हातात घेण्याआधी ते हात धुवायचे. आधी डिझेलच्या बोळ्याने ग्रीस काढायचं, मग धुण्याच्या साबणाने दोनदा. नखांतलं काळं तरीही निघायचं नाही. डेपोतली बाद झालेली जॉबकार्डं ते घरी आणायचे आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायचे. एका बाजूला क्लचप्लेट बदलल्याची नोंद, दुसऱ्या बाजूला गाणं. गाणं पुरं झालं की तो कागद गायकाला देऊन टाकायचा. प्रत ठेवायची नाही. मी एकदा म्हटलं, निदान झेरॉक्स तरी काढा, एक रुपया लागतो. ते म्हणाले, "गाणं लोकांच्या तोंडात आहे. पेटीत ठेवून काय कसरीला खाऊ घालू?"

आमच्याकडच्या गाण्यांची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. गायक तिथे आला की आवाज चढवतो, नाव दोनदा घेतो, आणि ऐकणाऱ्यांतून दहाची, वीसची नोट स्टेजकडे जाते, कवीच्या नावाने. पैसे गायकाचे, पण नाव कवीचं. कवींची सगळी कमाई ही एवढीच. कार्यक्रम कल्याणला असो की खडवलीला, ते मंडपाच्या मागच्या बांबूला टेकून उभे राहायचे. आपलं नाव येईपर्यंत हलायचे नाहीत. नाव आलं की खाली बघायचे, चप्पल नीट करायचे आणि मगच चहाला जायचे. मधेच कुणी उठायला लागला तर त्याचा हात धरून म्हणायचे, "थांब की, शेवटचं कडवं बाकी आहे."

हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की ते कुठेही यायचं. पाहुणा चहा न पिता निघाला, शेवटचं कडवं बाकी आहे. ताटात भात उरला, शेवटचं कडवं बाकी आहे. वहिनी वैतागायच्या. एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "अहो, भाकरी गार झाली. ते कडवं आधी गिळा."

त्यांची आई वागळे इस्टेटमधले कारखाने बांधले जात होते तेव्हा तिथे घमेली वाहायची. तिच्यावर त्यांनी एक गाणं लिहिलं होतं. धृपद असं :

घट्टे पडले मायच्या हाती,
म्हणून शाई माझ्या हाती

आणि शेवटी :

खोपटचा हा सुदाम सांगे,
माय उभी या अक्षरामागे

हे गाणं त्या आठांत सातवं होतं. करारासोबत यादी होती. गाणं, गायक, संगीत, गीत, रक्कम असे पाच खाने. त्यातला 'गीत'चा खाना आठही ओळींत कोरा. खरं सांगायचं तर कंपनीच्या माणसाने विचारलं होतं की इथे काय टाकू, नुसतं सुदाम की पूर्ण नाव? कवी हसले. "खान्यात कशाला? गाण्यात आहे की. शेवटपर्यंत ऐका, आपोआप कळेल." रमाकांत हसला, मीही हसलो. नंतर भरू, असं तो माणूस म्हणाला. मी तीस वर्षं व्हाउचर लिहितोय. रकमेपुढची जागा मी कधी मोकळी सोडत नाही, कुणी शून्य वाढवू नये म्हणून आडवी रेघ मारतो. त्या दिवशीही 'सोळा हजार फक्त' पुढे मी रेघ मारली. 'गीत'च्या खान्यात मारली नाही. सर्व हक्क कायमचे दिले, अशी एक ओळ चौथ्या कलमात होती. तीही मी वाचली आणि अशी असतेच म्हणून पुढे गेलो. मग साक्षीदार म्हणून सही केली.

पुढची दोन-अडीच वर्षं कुणाला काही कळलं नाही. मग ते गाणं एकदम सगळीकडे ऐकू यायला लागलं. मोबाइलवर, हॉलमध्ये, मातृदिनाच्या व्हिडिओंमागे. माझ्या मुलीच्या शाळेत, डोंबिवलीला, स्नेहसंमेलनात त्यावर नाच बसवला होता. मी कवींना मुद्दाम घेऊन गेलो. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बाईंनी माइकवर सांगितलं, आता सादर होत आहे एक पारंपरिक गीत. कवींनी माझ्याकडे बघितलं. मुली नाचल्या, दोन कडवी झाली, गाणं थांबलं, टाळ्या पडल्या. पुढच्या कार्यक्रमाची मुलं स्टेजवर आली तरी कवी मान पुढे काढून तसेच बसून होते. मी म्हटलं, झालं गाणं. ते म्हणाले, "नाही हो. शेवटचं कडवं बाकी आहे."

पाच मिनिटं चाळीस सेकंदांचं गाणं कंपनीने दोन मिनिटं अठ्ठेचाळीसवर आणलं होतं. लांब गाणं आता कुणी ऐकत नाही म्हणे. कापायला शेवटचं कडवं सोपं.

लॉकडाउनमध्ये कार्यक्रम बंद पडले. रमाकांत नुसता गायक नव्हता, गायनपार्टीचा मालक आणि मॅनेजरही तोच. ढोलकीवाला, कोरसवाले धरून आठ माणसं त्याच्यावर. त्याने जुन्या कार्यक्रमांचे व्हिडिओ टाकायला एक चॅनल काढला. महिन्याला चार पैसे यायला लागले आणि एक दिवस स्ट्राइक आली. खडवलीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ कॉपीराइट भंगाबद्दल काढून टाकला होता. गाणं तेच, घट्टे पडले मायच्या हाती. रमाकांतच्या गळ्यातलं, रमाकांतच्या स्टेजवरचं. आणखी दोन स्ट्राइक आल्या तर चॅनलच बंद. त्याने कंपनीला फोन केला तेव्हा त्यांनी कराराची प्रत पाठवली. 'गीत'चा खाना आता भरलेला होता. आठही ओळींत एकच शब्द : पारंपरिक. खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

कल्याणला कोर्टाजवळ एक वकीलबाई आहेत, त्यांच्याकडे मी कवींना नेलं. बाईंनी नीट समजावलं. कायदा गीतकाराच्या बाजूने आहे. गाणं विकलं तरी रॉयल्टीतला त्याचा हिस्सा त्याच्याकडून लिहून घेता येत नाही, चौथं कलम काहीही म्हणो. पण हिस्सा गीतकाराला मिळतो, आणि परंपरेला हिस्सा मागता येत नाही. तेव्हा आधी तुम्ही गीतकार आहात हे दाखवा. मूळ कागद? तो गायकामार्फत कंपनीकडे गेला. झेरॉक्स? नाही. खडवलीच्या व्हिडिओत नाव आहे, पण तो कार्यक्रम करारानंतरचा. जुन्या गाण्याला कुणीही आपलं नाव चिकटवतो, असं ते म्हणतील, असं बाई म्हणाल्या. नोटिशीच्या उत्तरात कंपनीने शब्दशः तेच म्हटलं.

राहिले साक्षीदार. खाना कोरा होता असं मी सांगायला तयार होतो. रमाकांतने सांगितलं असतं तर वजन आलं असतं. तो खोपटला कवींच्या घरी आला, चहा घेतला नाही, दारातच उभा राहिला. "दादा, माझी पुढची बारा गाणी त्यांच्याकडेच अडकलीयेत. मी बोललो तर चॅनल गेला. आठ माणसं आहेत माझी." कवी म्हणाले, बरोबर आहे तुझं. तो गेल्यावर मी रमाकांतबद्दल काहीबाही बोललो तर कवींनी मलाच गप्प केलं. "त्याच्या गळ्यामुळे माझं नाव दहा गावांत गेलं. त्याला शिव्या द्यायच्या नाहीत."

केस उभी राहिली. तारखा पडत गेल्या. तीन वर्षांत वकीलबाईंना बावीस हजार गेले, म्हणजे आठ गाण्यांचे मिळाले त्यापेक्षा सहा हजार जास्त. मी पाच हजार देऊ केले तर कवी म्हणाले, साक्षीदाराकडून पैसे घेतले तर समोरचा वकील तेवढंच धरून बसेल. त्याच सुमारास कंपनीने तडजोडीचा निरोप पाठवला : तीस हजार रुपये, सदिच्छा म्हणून. अट एवढीच की गाणं पारंपरिक आहे आणि माझा त्यावर दावा नाही, असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. तीस हजारच का, हे मला लगेच कळलं. एवढ्यावर टीडीएस कापावा लागत नाही. ते त्यांना मीच शिकवलं होतं.

वहिनींचं मत पैसे घ्यावेत असं होतं. दाराशी बोलावं तशा तिकडे बघत त्या म्हणाल्या, नावावर काय गॅसचा सिलेंडर येतो? कवी तोवर रिटायर झाले होते, पेन्शन जेमतेम, आणि किडनी तेव्हाच त्रास द्यायला लागली होती. कवींनी तो कागद दोनदा वाचला आणि मला परत दिला. "पारंपरिक म्हणजे कुणाचंच नाही, असंच ना? मग ती घमेली वाहत होती ती कुणाचीच आई नव्हती?" पुन्हा त्या कागदाचा विषय निघाला नाही.

डायलिसिस सुरू झालं. मी शनिवारी हॉस्पिटलला जायचो. आधी निघायला लागलो की ते हाताला धरून थांबवायचे. शेवटच्या दोन खेपांना थांबवलं नाही, नुसती मान हलवली. तेव्हाच मला समजायला हवं होतं. २०२४च्या फेब्रुवारीत ते गेले. माझी साक्ष नोंदवायची तारीख एप्रिलमधली होती.

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. डेपोतले लोक आले होते, रमाकांत मागे बसला होता. तो गायला उठला नाही. वस्तीतल्या पोरांनी मोबाइलवर ऐकून पाठ केलेलं गाणं म्हटलं. सुरात म्हटलं, दोन कडवी म्हटली आणि थांबली, कारण त्यांच्यासाठी गाणं तिथेच संपत होतं. लोक पुढच्या वक्त्याकडे बघायला लागले. तेवढ्यात बायकांमध्ये बसलेल्या वहिनींनी खाली मान घालून, बसल्या जागीच, पुढचं म्हणायला सुरुवात केली. त्यांचा आवाज चांगला नाही. खोपटचा हा सुदाम सांगे, हे त्यांनी दोनदा घेतलं. नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. कुणीतरी वीसची नोट पुढे सरकवली.

केस पुढे चालवायला वारस म्हणून वहिनींनी उभं राहायला हवं होतं. आणखी पाच-सहा वर्षं धरा, असं वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं. डायलिसिससाठी पतपेढीतून काढलेल्या कर्जाचे साडेसव्वीस हजार थकले होते आणि जामीनदार डेपोतले दोन जण होते, त्यांच्या पगारातून कपात सुरू व्हायची होती. कंपनीचा तोच कागद पुन्हा आला. वहिनींनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, "यात त्यांचं नाव कुठं आहे?" मी दाखवलं. पहिल्याच ओळीत होतं : कालकथित सुदाम यांची पत्नी. बाकी कुठेही नव्हतं. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच ठेवलं, मग सही केली.

साक्षीदार म्हणून खाली मी सही केली. त्याआधी कागदाला जोडलेली गाण्यांची यादी नीट तपासली. या वेळी एकही खाना रिकामा नव्हता.

तीस हजार रुपये चौथ्या दिवशी वहिनींच्या खात्यात जमा झाले. साडेसव्वीस हजार पतपेढीला गेले. उरलेले साडेतीन हजार वहिनींकडे राहिले. पासबुकातली नोंद मी स्वतः बघितली. टीडीएस कापलेला नव्हता.