आधी त्या घरचं पाणी

कुमुदबाई टाकळीकर यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी मी लिहावं, असा समितीचा निरोप आला तेव्हा मला घामच फुटला. चित्रकलेच्या मास्तराला रेघा मारायला सांगा, तो दिवसभर मारील; पण चार ओळी धड लिहिणं हे काम बाईंचं, त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं. मग मनात आलं की बाईंची एक गोष्ट माझ्या फजितीची आहे आणि ती दुसऱ्या कोणाला सांगता यायची नाही. म्हणून लिहायला बसलो.

छत्रपती संभाजीनगरात गारखेड्यातल्या आमच्या शाळेत मी रुजू झालो, त्याच दिवशी मधल्या सुट्टीत बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. "देशमुख सर, तुमच्या घरी रोज किती माणसांचा स्वयंपाक होतो?" मला वाटलं, घरी जेवायला बोलावणार. मी हुरळून सांगितलं, "आम्ही दोघं आणि आई." दुसऱ्या दिवशी बाईंनी एक कापडी पिशवी माझ्या हातात ठेवली. "आईंना सांगा, स्वयंपाकाला लागण्याआधी रोज एक मूठ धान्य यात टाकायचं. शनिवारी मी घेऊन जाईन." जेवणाचं आमंत्रण तर नाहीच, उलट आमच्याच डब्यातली मूठ गेली! बाईंची आणि माझी ओळख अशी झाली.

या उपक्रमाला नाव नव्हतं, फलक नव्हता. सगळे नुसतं 'मूठ' म्हणत. ते दुष्काळाचे दिवस होते. एकीकडे गारखेड्यात इमारतीवर इमारत चढत होती आणि दुसरीकडे पैठण तालुक्यातली कुटुंबंच्या कुटुंबं गावाला कुलूप लावून त्याच इमारतींच्या कामावर येत होती. पत्र्याच्या खोल्यांत राहायची. आईबाप कामावर गेले की मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळायची, म्हणजे तिची शाळा सुटायची. शाळा सुटलेल्या पोरीचं पुढे काय होतं, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. बाई अशा घरांना दर शनिवारी धान्य पोचवत आणि त्या बदल्यात एकच वचन घेत, मूल शाळेत येईल.

बाईंचा देण्याचा रिवाज मात्र कडक होता. शहागंजमधल्या एका कापडवाल्या शेठजींनी मुलांच्या गणवेशाचं कापड द्यायचं कबूल केलं. "लेकिन बाई, बच्चों के साथ एक फोटू तो होना," ते म्हणाले. बाईंनी मुलांनाच दुकानात नेऊन गादीवर बसवलं. "शेठजी, ही आज तुमची गिऱ्हाइकं. ताग्यावर तागे उलगडून दाखवा, त्यांना पसंत पडेल ते फाडा. आणि गिऱ्हाइकाचा फोटो तुम्ही कधी काढता का?" शेठजी मोठ्यानं हसले आणि त्यांनी मुलांसाठी सरबत मागवलं. पुढे दर जूनमध्ये ते स्वतःच विचारत, "बाई, हमारे गिऱ्हाईक कब आनेवाले?"

दुसरा नियम आम्हा सगळ्यांसाठी होता. ज्या घरी द्यायला जाल, त्या घरचं आधी काहीतरी घ्यायचं. चहा, शेंगदाणे, काही नसलं तर पाणी. त्याशिवाय पिशवी उघडायची नाही. मला हा नियम पाठ होता. समजला मात्र नव्हता.

चैत्रातला एक शनिवार होता. कौसाबाईंकडे धान्य द्यायला मी एकटाच गेलो होतो. त्यांची सविता सहावीत, माझ्या वर्गातली सगळ्यात नीटस हाताची मुलगी. तिला बिडकीनकडचं एक स्थळ मामानं आणलं होतं. घरातलं एक तोंड कमी होईल, असा त्याचा हिशोब. मुठीच्या भरवशावर कौसाबाईंनी त्याला नकार कळवला होता. म्हणजे त्या पोरीचं सगळं आयुष्य त्या पिशवीला टांगलेलं होतं म्हणा ना.

कौसाबाईंनी तांब्या आणून पुढे धरला. दोन दिवस टँकर आला नव्हता, हे मला ठाऊक होतं. हंड्याच्या तळाला तांब्या खरवडल्याचा आवाजही मी ऐकला होता. नळाची आठ-आठ दिवस वाट पाहणाऱ्या शहरातला मी माणूस. मला भरून आलं. मी म्हणालो, "नको, नको. राहू द्या तुम्हाला."

कौसाबाईंनी तांब्या खाली ठेवला. धान्याची पिशवी उचलली आणि उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली. "आमच्या घरचं पाणी तुम्हाला चालत न्हाय, सर, मंग तुमचं धान्य आमाला कसं चालंल?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. देशमुखाच्या घरातला माणूस, त्यांच्या दारात उभा राहून पाणी नाकारतो, याचा अर्थ पिढ्यानपिढ्या काय झाला आहे? मला तो सुचलासुद्धा नाही आणि त्यांना दुसरा सुचणं शक्य नव्हतं. काही बोलायला गेलो तर दार लागलं होतं. सोमवारी सविता शाळेत आली नाही. मंगळवारी कळलं की मामा पुन्हा येऊन बसला आहे.

मी बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसत्या चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चला."

भर दुपारी बाई त्या पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या. आत मामा, कोपऱ्यात सविता. "कौसाबाई, लई तहान लागली. पाणी देता का?"

"तुमच्या सरांस्नी चालत न्हाय आमचं."

"आमच्या सरांना अक्कल जरा कमी आहे," बाई म्हणाल्या, "पण मन वाईट नाही. त्यांना वाटलं, तुमचं पाणी संपंल."

कौसाबाई माझ्याकडे वळल्या. "पाणी संपलं तर आणता येतंय, सर. पावण्यानं नगं म्हणलं, तर काय ऱ्हातंय घरात?"

त्यांनी तांब्या दिला. बाई प्याल्या, मग मी प्यालो. वर पुन्हा मागून घेतलं. बाईंनी मामाला फक्त एवढंच विचारलं, "तुमची भाची काय चित्र काढते, पाहिलंत का कधी?" कौसाबाईंनी मूठ पुन्हा घ्यायचं कबूल केलं, मामाला माघारी धाडलं आणि दुसऱ्या दिवशी सविता शाळेत आली.

आज ती छत्रपती संभाजीनगरातच परिचारिका आहे. पत्र्याच्या खोल्या गेल्या, तिथे पाच मजले उभे राहिले. बिडकीनला कारखान्यांची कामं निघाली तेव्हा कौसाबाई तिकडे राहायला गेल्या. त्यांच्या घरूनही आता मूठ येते.

गेल्या वर्षी बाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. मी भेटायला गेलो होतो. तेवढ्यात बिडकीनहून बसनं कौसाबाई आल्या, हातात भाकरी-पिठल्याचा डबा. बाई उठू पाहत म्हणाल्या, "अहो, एवढ्या उन्हात कशाला? मला डबा येतो. हा तुम्ही नातवंडांना न्या."

कौसाबाईंचा हात डब्याच्या झाकणावरच थांबला. आयुष्यभर आम्हाला जे शिकवलं तेच बाई विसरल्या होत्या, आणि मला अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हणालो, "कौसाबाई, आमच्या बाईंना अक्कल जरा कमी आहे, पण मन वाईट नाही."

बाई इतक्या हसल्या की गुडघा धरून बसल्या. मग डोळे पुसत दीड भाकरी खाल्ली.

बाई, पंचाहत्तर वर्षं तुम्ही देत आलात. शंभरीला अजून पंचवीस आहेत. ती निरोगी जावोत, आणि गुडघे पुन्हा उंबऱ्यावर बसण्याइतके धड राहोत. सत्काराच्या दिवशी शाल-श्रीफळ समिती देईल, ते तुम्ही कोणाला तरी देऊन टाकाल, हेही आम्हाला ठाऊक आहे. पण त्याआधी कौसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन व्यासपीठावर येणार आहेत. तहान नसली तरी नको म्हणू नका.