हिंदचा खजूर

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळली, कारण तीत माझीच शोभा होते. सरदारांच्या देवडीवरचा अरब पहारेकरी चिंचेचं बुटूक चोखत म्हणायचा, "शास्त्रीबुवा, हा आमचा तमर-हिंदी. हिंदचा खजूर!"

"मग जमादार, खजुराला आम्ही अरबी चिंच म्हणावं काय?" मी खिजवायचो. तो खदखदून हसायचा.

पुढे एका फिरंगी पाहुण्यानं चिंचेला 'तामारिंदो' म्हटलं. तो शब्द तमर-हिंदीवरूनच आला, असं मी भर बैठकीत स्वतःचा शोध म्हणून सांगितलं आणि शाल पटकावली. दारातून पहिली "वाहवा!" जमादाराचीच आली.

त्याची तुकडी पुणं सोडून निघाली, तेव्हा माफी मागायला मी वेशीपर्यंत धावलो आणि म्हणालो, "जमादार, उन्हाचं जपा हं."